पडदा कोणाच्या मालकीचा?

मोडनिंब हे माढा तालुक्यातील गाव. पुणे–सोलापूर महामार्ग या गावावरून जातो आणि कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी एके काळी याच वाटेने वारकऱ्यांना पंढरीस नेत असे. शेजारीच सावता माळ्याचे अरण. महाराष्ट्रात मोडनिंबचे नाव घेतले की लोकांना येथील कला केंद्रे आणि तेथील लावणीच्या बाऱ्या आठवतात. जत्रेच्या मैदानात तंबू ठोकून खेळ दाखविणाऱ्या टुरिंग टॉकीज या भागाला परिचित होत्या, आणि आज प्रत्येक खिशात एक लहानसा पडदा आहे. तेव्हा या मुलखात करमणूक पोहोचली नाही, अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. काय पोहोचले, ते कोणी पोहोचविले आणि त्याचा पैसा व मान कोणाच्या पदरी पडला, असा आमचा सवाल आहे.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, आपण दीक्षा घेतली तेव्हा घरातील देव्हारा रिकामा केला. पण देव केवळ देव्हाऱ्यातून घरात येत नाहीत. गेली शंभर वर्षे ते पडद्यावरूनही येत आहेत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला. १९३२ साली प्रभातने त्याच राजाची कथा मराठी बोलपटात आणली. १९३६ साली आलेल्या ‘संत तुकाराम’ने मुंबईत वर्षाहून अधिक काळ मुक्काम ठोकला. या चित्रपटांच्या कलागुणांविषयी आमचा वाद नाही. पौराणिक आणि संतपटांच्या पेट्या गाडीबैलाने, रेल्वेने, ट्रकने खेडोपाडी गेल्या, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. त्या आपोआप गेल्या नाहीत. त्या नेणारा एक धंदा होता आणि त्या धंद्याचे नाव वितरण.

चित्रपटाच्या व्यवसायात तीन हात असतात. एक हात चित्रपट निर्माण करतो, दुसरा तो विकत किंवा भाड्याने घेऊन गावोगावच्या चित्रपटगृहांना पुरवितो, तिसरा तिकीट फाडून तो दाखवितो. पहिल्याचे नाव भिंतीवरच्या जाहिरातीत असते, तिसऱ्याचे नाव इमारतीवर असते. दुसऱ्याचे नाव सामान्य प्रेक्षकाला ठाऊकही नसते. परंतु कोणता चित्रपट कोणत्या गावी, कोणत्या आठवड्यात आणि किती खेळांसाठी लागावा, हे प्रामुख्याने हा दुसरा हात ठरवितो. तो निर्मात्याला ‘मिनिमम गॅरंटी’ म्हणून आगाऊ रक्कम देतो, किंवा केवळ कमिशनवर चित्रपट घेतो. जाहिरातीचा व प्रतींचा खर्च आधी वसूल होतो, मग त्याचा वाटा, आणि उरले तर निर्मात्याला. ज्याच्यापाशी आगाऊ देण्यास पैसा आहे, त्याच्याच रुचीचे चित्रपट निघतात, कारण निर्माता चित्रपट काढण्यापूर्वीच त्याच्या दारात उभा असतो.

या धंद्याचा नकाशाही पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले, परंतु चित्रपटव्यवसायाने आपले जुने सुभे सोडले नाहीत. त्याच्या भाषेत मुंबई हा एक सुभा, विदर्भ ‘सीपी बेरार’मध्ये आणि मराठवाडा ‘निजाम’मध्ये! ज्या नागपुरात १९५६ साली धम्मचक्र फिरले, ज्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि ज्या मुंबईत त्यांची चैत्यभूमी आहे, ती तीन शहरे या व्यवसायाच्या हिशेबी तीन निरनिराळ्या मुलखांत मोडतात. म्हणजे आपल्या समाजासाठी काढलेल्या एका चित्रपटाला आपल्याच माणसांपर्यंत जाण्यासाठी तीन दारे ठोठवावी लागतात. त्या तिन्ही दारांवर बसलेल्यांपैकी आपले किती, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता १९३६ हे वर्ष घ्या. त्या वर्षी मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ हा बोलपट काढला. तो देशभर गाजला. त्यातील अस्पृश्य मुलगी ब्राह्मण मुलावर प्रेम करते आणि अखेरीस आगगाडीखाली मरते. प्रेक्षकांनी डोळे पुसले आणि ते घरी गेले. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि त्यांचे भाषण वाचल्यावर परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रती काढल्या, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. अस्पृश्यतेविषयी दोन वस्तू एकाच वर्षी लोकांपुढे आल्या. एकीत अस्पृश्य मरतो आणि स्पृश्याचे हृदय हलके होते. दुसरीत अस्पृश्य बोलतो आणि स्पृश्याची झोप उडते. पहिलीला देशभर चित्रपटगृहे मिळाली, दुसरीला सभागृहदेखील मिळाले नाही. या फरकाचे कारण शोधू गेल्यास मालकीपाशीच येऊन थांबावे लागते.

बाबासाहेबांना हा धडा त्याआधीच मिळाला होता. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. त्यांनी त्या दारात धरणे धरले नाही. ‘मूकनायक’नंतर १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रांची परंपरा त्यांनी निर्माण केली, आणि समाजाचा स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. विचार आपला असून छापखाना परक्याचा असेल तर विचारही परक्याच्या मर्जीवर जगतो, हे त्यांनी ओळखले होते. आज लाखो लोकांच्या मनाची घडण पडद्यावर होते. मग छापखान्याला लागू पडलेला न्याय पडद्याला का लागू पडू नये?

कोणी म्हणेल, आता काळ बदलला. बाबासाहेबांवर चित्रपट निघाले, जोतीरावांवर निघाले, सरकारने स्वतः पैसा दिला. होय, निघाले. त्यांचे पुढे काय झाले, तेही पाहू. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. ही १९५४ सालची गोष्ट. त्याच अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला सुवर्णपदक मिळाले होते. ‘श्यामची आई’ मराठी घराघरांत ठाऊक आहे. ‘महात्मा फुले’ आपल्या घरातील किती जणांनी पाहिला, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरापुरते द्यावे.

त्याहून बोलके उदाहरण डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाचे आहे. तो सार्वजनिक पैशातून, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत इंग्रजीत तयार झाला. मामुट्टी यांना बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि चित्रपटालाही सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००० साली तो लोकांपुढे आला. राज्यघटनेच्या शिल्पकारावरचा चित्रपट, जनतेच्या पैशाने काढलेला, राष्ट्राने गौरविलेला. तो गावोगाव दाखविणे हे सरकारचे कर्तव्यच नव्हते काय? परंतु तामिळनाडूतील प्रेक्षकांना तो आपल्या भाषेत चित्रपटगृहात पाहण्यासाठी डिसेंबर २०१० उजाडावा लागला, आणि तोही प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेल्यानंतर. विहिरीतील पाणी सर्वांचे आहे असे जाहीर करायचे आणि पोहरा मात्र कपाटात कुलूपबंद ठेवायचा, अशातला हा प्रकार आहे.

अगदी अलीकडे, २०२५ साली, अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीदिनी, प्रदर्शित व्हायचा होता. त्याला काही मंडळींनी हरकत घेतली, परीक्षण मंडळाने जातिवाचक शब्दांत फेरफार सुचविले, आणि तो २५ एप्रिलला लागला. जातीविरुद्ध लढलेल्या माणसाच्या चित्रपटात जातीची नावे नकोत, असा हा न्याय! तारीख ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती नाही, त्याने आपल्या महापुरुषाची जयंतीसुद्धा दुसऱ्याच्या सोयीने साजरी करावी काय?

दुसरा आक्षेप बाजारवाल्यांचा आहे. ते म्हणतात, चित्रपट चांगला असेल तर बाजार त्याला जागा देतोच, ‘सैराट’ पाहा. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातील, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यांच्या ‘फँड्री’ने आणि २०१६ सालच्या ‘सैराट’ने जे केले, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण ‘सैराट’ घरोघर गेला तो झी स्टुडिओजसारख्या धनाढ्य कंपनीच्या बळावर. दार उघडणारा कोणीतरी भेटला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याने दाराची मालकी बदलत नाही. मोठ्या कंपनीला उद्या असा चित्रपट तोट्याचा वाटला, तर ती त्याला हात लावणार नाही, आणि त्याबद्दल तिला कोणी जाब विचारू शकणार नाही. बाजाराच्या निःपक्षपातीपणाचे आणखी एक उदाहरण जुने आहे. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहातून हिंदी चित्रपटासाठी जागा मोकळी करून द्यावी लागण्याची पाळी आली, रस्त्यावर एक संघटना उतरली तेव्हा तो टिकला. मराठी भाषेच्या चित्रपटाची महाराष्ट्राच्या राजधानीत ही गत, तर दलित-बौद्धांच्या चित्रपटाने बाजाराच्या दयेवर किती भिस्त ठेवावी?

ज्यांच्यावर हाच प्रसंग ओढवला होता, त्यांनी काय केले, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे. अमेरिकेत १९१५ साली ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा कृष्णवर्णीयांची विटंबना करणारा आणि त्यांना ठार मारणाऱ्या टोळ्यांचा गौरव करणारा चित्रपट निघाला. दुसऱ्याच वर्षी, १९१६ साली, कृष्णवर्णीयांनी स्वतःची लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. नोबल जॉन्सन हा नट तिच्या अग्रभागी होता. वितरणाचे काम त्याचा भाऊ जॉर्ज जॉन्सन याने अंगावर घेतले. तो ओमाहा शहरातील टपाल कचेरीत नोकरीला होता. नोकरी सांभाळून फावल्या वेळात तो गावोगावच्या चित्रगृहांशी पत्रव्यवहार करी. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतील माणसांना त्याने आपले प्रतिनिधी केले. जेथे चित्रगृह नव्हते, तेथे चर्चमध्ये आणि शाळांत खेळ झाले. ज्या पडद्यावर कृष्णवर्णीय माणूस चोर किंवा विदूषक म्हणूनच येई, त्या पडद्यावर तो अभियंता आणि सैनिक म्हणून आला.

ही कंपनी फार काळ जगली नाही. प्रती थोड्या होत्या. त्याच फिरवून फिरवून झिजत. भांडवल अपुरे होते. १९१८ च्या साथीत चित्रगृहे बंद पडली. त्याच वर्षी नोबल जॉन्सनने कंपनी सोडली. ज्या मोठ्या कंपनीत तो पोटासाठी काम करी, तिला त्याच्या स्वतःच्या चित्रपटांची स्पर्धा नको होती, असे सांगितले जाते. १९२१ सालचा चित्रपट तिचा अखेरचा ठरला. परंतु तिची वाट मोडली नाही. ऑस्कर मिशो नावाच्या लेखकाची कादंबरी लिंकन कंपनीला हवी होती. मिशोने स्वतः दिग्दर्शन करण्याचा हट्ट धरला, बोलणी फिसकटली, आणि त्याने स्वतःची कंपनी काढली. शेतकऱ्यांना व व्यापाऱ्यांना तिचे भाग विकून त्याने १९१९ साली चित्रपट पुरा केला, पुढे गावोगाव फिरून तो चित्रगृहवाल्यांशी स्वतः करार करी, आणि तीस वर्षांच्या काळात त्याने चाळीसच्या आसपास चित्रपट काढले. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्या डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही पीडित समाजांच्या साम्याचा उल्लेख केला, त्यांच्याच समाजाचा हा इतिहास आहे.

आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. केरळात जॉन अब्राहम या दिग्दर्शकाने मित्रांसह १९८४ साली ‘ओडेसा’ ही संस्था काढली. लोकांत खेळ दाखवून त्यांनी लोकांकडूनच वर्गणी जमविली, १९८६ साली ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट काढला आणि तो गावोगाव विनामूल्य दाखविला. महाराष्ट्रात आनंद पटवर्धन यांनी रमाबाई नगरातील १९९७ च्या गोळीबारापासून चौदा वर्षे चित्रण करून ‘जय भीम कॉम्रेड’ तयार केला. तीन तासांहून मोठा हा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर पडदा बांधून, वस्तीतील लोकांपुढे दाखविण्यात आला. पुढेही तो वस्त्यावस्त्यांतून गेला. त्यासाठी कोणत्या सुभ्याच्या वितरकाची परवानगी घ्यावी लागली नाही.

आणि आपल्या समाजाला तर हे काम मुळीच नवे नाही. नाशिकच्या भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे हे वितरण नव्हते तर काय होते? रात्री कंदिलाच्या उजेडात, पायी किंवा बैलगाडीने, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत त्यांनी बाबासाहेबांचा विचार पोहोचविला. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत तो जलशातून गेला. ज्या समाजाने भांडवलाशिवाय हे केले, त्याला आज एक पांढरा पडदा आणि एक यंत्र जड व्हावे काय?

आता आपल्याच घरातील आक्षेपांकडे वळू. काही वडीलधारी म्हणतात, चित्रपट ही चैन आहे. मुलांनी अभ्यास करावा. मुलांनी अभ्यास करावा, हे निर्विवाद. पण मुले चित्रपट पाहणारच आहेत. प्रश्न एवढाच की त्यांनी तो एकट्याने, हातातल्या फोनवर, कोणा परक्याने निवडून दिलेला पाहावा, की आईबापांसह बसून, पाहून झाल्यावर त्यावर चर्चा करीत पाहावा? तरुण म्हणतात, सर्व काही फोनवर मिळते, वितरण संपले. संपले नाही; ते दिसेनासे झाले. पूर्वी वितरकाची निदान कचेरी तरी होती, आज यंत्रच ठरविते की तुमच्यापुढे पुढचे चित्र कोणते यावे. शिवाय फोनवर समाज एकत्र बसत नाही. विहारात बसतो.

तिसरी गोष्ट अधिक कठोरपणे बोलली पाहिजे. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण वर्गणी गोळा करतो. तिचा मोठा भाग कित्येक ठिकाणी एका रात्रीच्या कर्णकर्कश ध्वनिवर्धकांवर जातो. दुसऱ्या दिवशी कानठळ्यांखेरीज काही उरत नाही. त्या पैशातून यंत्र, पडदा आणि ध्वनिक्षेपक घेतला तर तो वर्षानुवर्षे टिकेल. वर्गणी देणाऱ्या मजुराच्या घामाचा हिशेब मागण्याचा त्याला हक्क आहे.

तेव्हा करावयाचे काय? मोडनिंब आणि आसपासच्या गावांतील बौद्ध वस्त्यांनी एक लहानसे चित्रमंडळ स्थापन करावे. त्याचे बँकेत खाते असावे आणि जमाखर्च दर महिन्यास विहाराच्या फळ्यावर लिहावा. जो चित्रपट दाखवायचा, त्याच्या हक्कदाराकडून लेखी परवानगी घ्यावी; चोरीची प्रत दाखवून आपण आपल्याच कलावंतांच्या ताटातील भाकर काढून घेतो. आत येण्यास शक्य तेवढे अल्प मूल्य ठेवावे आणि त्यातील वाटा निर्मात्याला प्रामाणिकपणे पाठवावा. एका गावचा खेळ झाला की यंत्र पुढच्या गावी जावे. माढ्यात एक मंडळ झाले, मोहोळात दुसरे, करमाळ्यात तिसरे, की शंभर गावांचा एक मुलूख आपोआप तयार होतो. मग निर्माता आपल्या दारात येईल. कारण निर्माता नेहमी तेथेच जातो, जेथे प्रेक्षक मोजून दाखविता येतो. मराठवाड्याच्या व विदर्भाच्या मंडळांनी हात दिला, तर ‘निजाम’ आणि ‘बेरार’ या जुन्या भिंतीही कागदावरच राहतील.

आणखी एक कर्तव्य मोडनिंबकरांचे विशेष आहे. येथील कला केंद्रांत नाचणाऱ्या स्त्रिया बहुतेक कोल्हाटी व इतर भटक्या जमातींच्या. त्यांच्या कलेवर मराठी चित्रपट श्रीमंत झाला. १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. पडद्यावरच्या तमाशातील नायिकेला टाळ्या मिळाल्या. प्रत्यक्ष बारीवर उभ्या असलेल्या बाईच्या मुलाला शाळेत बापाचे नाव विचारले गेले. ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिणारे डॉ. किशोर शांताबाई काळे याच जिल्ह्यातले होते. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा चळवळीसाठी नको, म्हणून बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांची देणगी नाकारल्याची आठवण प्रसिद्ध आहे. तिचा अर्थ त्या स्त्रियांचा तिरस्कार असा कोणी घेऊ नये. राग त्यांना नाचविणाऱ्या व्यवस्थेवर होता. म्हणून आपल्या मंडळाच्या खेळाला या भगिनी आणि त्यांची मुले सन्मानाने बोलावली जावीत आणि त्यांनी पहिल्या रांगेत बसावे. जिच्याकडे आजवर सर्वांनी पाहिले, तिला स्वतः पाहण्याचा आणि आपले मत सांगण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. विहारात जिला संकोच वाटेल, तिच्यासाठी विहार अजून पुरेसा बुद्धाचा झालेला नाही, असे समजावे.

एक इशारा देणेही अवश्य आहे. पडदा आपल्या मालकीचा झाला म्हणजे त्यावर केवळ आरत्या दाखवायच्या, असे होता कामा नये. बाबासाहेबांच्या जीवनावरचा चित्रपटदेखील हात जोडून पाहण्याची वस्तू नव्हे. तो पाहून प्रश्न विचारावेत. त्यात काय आले, काय गाळले, स्त्रियांना किती स्थान मिळाले, हे मुलामुलींनी उभे राहून बोलावे. परक्याचा देव काढून आपला देव बसविण्यासाठी आपण धम्म स्वीकारलेला नाही.

लिंकन कंपनी बुडाली, हे खरे आहे. तिच्याजवळ प्रती थोड्या होत्या आणि पैसा त्याहून थोडा होता. आज प्रत झिजत नाही. ती पेटीत घालून रेल्वेने पाठवावी लागत नाही. त्या टपाल कारकुनाला जी अडचण मोडता आली नाही, ती काळाने आपल्यासाठी मोडून ठेवली आहे. उरली आहे ती केवळ संघटनेची अडचण, आणि तिच्यावरचा उपाय बाबासाहेब आपल्याला सांगून गेले आहेत. जयंतीच्या वर्गणीची पहिली पावती फाडण्यापूर्वी प्रत्येक वस्तीने सभा भरवावी आणि हा एकच विषय तीपुढे ठेवावा: या वर्षी एका रात्रीचा गोंगाट विकत घ्यायचा, की कायमचा पडदा?